हजेरीत नसलेले सहा आठवडे

लखनौमध्ये साठी उलटलेल्या कुठल्याही गृहस्थांना वाढदिवस विचारा, निम्मे तरी "एक जुलाई" म्हणतील. हा काही ग्रहताऱ्यांचा प्रताप नाही, तो माझ्यासारख्या कारकुनांचा आहे. पूर्वी तिथल्या शाळा जुलैत सुरू व्हायच्या. बाप पोराला हाताला धरून शाळेत आणायचा. पोराचा जन्म गहू कापणीच्या दिवसांत किंवा गोमतीला पूर आला त्या साली झालेला असायचा. तेवढ्या माहितीवर फॉर्म भरायचा म्हटल्यावर ऑफिसातले बाबू एक जुलै लिहून मोकळे व्हायचे. शाळेचा पहिला दिवस तोच मुलाचा जन्मदिवस. तक्रार करायला कोणी येत नसे.

मीही त्याच बाबू लोकांतली. आमचे हे मानक नगरला रेल्वेच्या संशोधन कचेरीत ड्राफ्ट्समन होते. क्वार्टरपासून पंधरा मिनिटांवर, आलमबागेच्या बाजूला एक शाळा होती. तिचं ऑफिस मी अठरा वर्षं सांभाळलं. तिकडे शाळेच्या कारकुनाला 'बड़े बाबू' म्हणतात. त्या खुर्चीवर बाई येऊन बसल्यावर काय म्हणायचं हा प्रश्न पडला, तेव्हा चौकीदार छोटेलालनं तो परस्पर सोडवला आणि माझी 'बाबू दीदी' झाली. पुढे शिक्षक, पालक, पोस्टमन सगळेच तसं म्हणायला लागले. घरी हेसुद्धा कधी कधी "बाबू दीदी, चहा मिळेल का?" असं विचारायचे, पण त्या वेळी चहा उशिरा मिळायचा.

शाळेचा कारकून काय करतो ते बाहेरच्यांना फारसं ठाऊक नसतं. तो मुलांना आत घेतो आणि बाहेर सोडतो. आत घेताना नाव दाखल-रजिस्टरात चढवायचं आणि मग वर्गाच्या हजेरीत. बाहेर सोडताना दाखला द्यायचा, ज्याला तिकडे टी.सी. म्हणतात. मधली दहा वर्षं मूल काय शिकतं ते शिक्षक बघतात. माझ्या दृष्टीनं मूल म्हणजे एक क्रमांक, एक जन्मतारीख आणि चार सह्या. हे ऐकायला रुक्ष वाटतं, पण एक सही कमी पडली तर मुलाचं आख्खं वर्ष अडकतं हे मी पाहिलेलं आहे. म्हणून सह्यांच्या बाबतीत मी फार कडक होते, आणि माझ्या कडकपणाचा मला अभिमानही होता.

नव्वदच्या दशकाच्या मध्यावर आमच्या शाळेनं वर्ष जुलैऐवजी एप्रिलपासून सुरू करायचं ठरवलं. आजूबाजूच्या मोठ्या शाळांनी ते आधीच केलं होतं. मुलं एप्रिलभर नुसती हुंदडतात, त्यापेक्षा परीक्षा मार्चमध्ये उरकून एक एप्रिलला पुढचा वर्ग सुरू करावा आणि मग मेच्या मध्यावर सुट्टी द्यावी, असं आमच्या प्रिन्सिपल माथुर मॅडमचं म्हणणं. त्यासाठी बैठक झाली. मॅडमनी मलाही बोलावलं आणि विचारलं, "बाबू दीदी, दफ़्तर के हिसाब से क्या ठीक रहेगा?"

मी एप्रिलच्या बाजूनं बोलले. कारण अगदी स्वार्थी होतं. जुलैतल्या त्या चिकट उकाड्यात, पंखा बंद, खिडकीबाहेर पालकांची झुंबड आणि फॉर्मवर माझ्याच घामाचे थेंब, असं बरीच वर्षं काढल्यावर मला एप्रिलमधले प्रवेश म्हणजे थंड हवेचं ठिकाण वाटलं. मी जोरात मान हलवली. माझ्या एका मानेनं काही झालं असं नाही, पण ती हलली होती एवढं खरं.

मग हळूहळू लोक यायला लागले. लखनौच्या मराठी मंडळींत सर्वांत मोठा आक्षेप हापूसचा होता. पूर्वी मे महिन्याच्या पहिल्या आठवड्यात सुट्टी लागायची. गावी जाऊन हापूस खायचा आणि जूनअखेर परत येऊन लखनौचा दसेरी आंबा खायचा, असं सोन्यासारखं वेळापत्रक होतं. आता सुट्टी लागून गाव गाठेपर्यंत हापूस संपत आलेला. रेल्वेतले एक देशपांडे साहेब खास माझ्या ऑफिसात येऊन म्हणाले, "तुम्ही आपल्या माणूस असून हे कसं होऊ दिलंत?" जणू मी माहेर विकलं होतं.

एक आजोबा नातवाला पहिलीत घालायला एप्रिलमध्ये आले. मी जन्मतारीख विचारली. ते म्हणाले, "वही एक जुलाई." मी म्हटलं, "बाबा, नर्सिंग होम का काग़ज़ है न, उसमें चौदह मार्च है." आजोबांना ते पटेना. "हमारी एक जुलाई, हमारे लड़के की एक जुलाई. इसकी मार्च कैसे हो जाएगी?" शेवटी मी चौदा मार्चच लिहिलं. आजोबा घराण्यात दरी पडल्यासारखे उठून गेले.

मला मात्र दुसरीच गोष्ट टोचायला लागली, आणि ती कारकुनाशिवाय कोणाच्या लक्षात येणार नाही. जुन्या पद्धतीत निकाल लागला की मी जुनी हजेरी बंद करायची आणि नवी जुलैत उघडायची. मधल्या दिवसांत शाळेतलं एकही मूल कुठल्याच वर्गात नसायचं. सहावी संपलेली, सातवी लागलेली नाही. रोल नंबर नाही, मग गृहपाठ तरी कोणाच्या नावानं देणार? नव्या पद्धतीत सुट्टी वर्षाच्या पोटात आली. मूल सुट्टीतही आठवी-ब, रोल नंबर एकवीसच राहिलं. आणि रोल नंबर असला की शिक्षकांचे हात शिवशिवतात. पहिल्याच वर्षी 'ग्रीष्मावकाश गृहकार्य' नावाचं प्रकरण सुरू झालं. त्याचे कागद मीच टाइप केले. आठवीची अकरा पानं भरली. माझी मुलगी मुक्ता त्याच आठवीत होती. तिनं ते कागद बघून फक्त एवढंच म्हटलं, "मम्मी, ये छुट्टी है या सज़ा?" ती मराठी सगळं समजायची, पण उत्तर हिंदीतूनच द्यायची. मी तिला शिस्तीवर चार शब्द सुनावले.

त्याच पहिल्या वर्षातली ही गोष्ट.

एप्रिलमध्ये एक दिवस हवालदार जगदाळे ऑफिसात आले. सातारा जिल्ह्यातले, कोरेगावकडचे. बदली होऊन नुकतेच लखनौच्या छावणीत आलेले. लष्कराच्या शाळेत जागा नव्हती. बायको आणि मुलगी अजून गावीच होत्या, कारण मुलीची सातवीची परीक्षा चालू होती. आपल्याकडे वर्ष जूनमध्ये सुरू होतं आणि एप्रिलअखेर संपतं, हे त्यांनी मला समजावून सांगितलं, जणू मी लखनौमध्येच जन्मले होते.

"आणि आमच्याकडे आठवी कधीच सुरू झाली," मी म्हटलं.

त्यांचा चेहरा उतरला. "मग मॅडम, पोरीचं वर्ष जाणार का हो? हुशार आहे बघा. फक्त बदलीनं घोटाळा केला."

माथुर मॅडमचा नियम असा होता, की बाहेरून येणाऱ्या मुलांची एकच प्रवेश परीक्षा होईल, मेमध्ये, शाळा बंद होण्याआधी. तिच्यात पास झालं तर वरच्या वर्गात जागा. नाही तर जुलैत खालच्या वर्गात. म्हणजे जगदाळ्यांच्या मुलीनं, अश्विनीनं, ही परीक्षा दिली तर आठवी, हुकली तर पुन्हा सातवी. तारीख ठरवणं माझ्याकडे होतं.

आता माझ्या चुकीकडे येते. ही चूक लखनौमधल्या मराठी माणसालाच जमली असती.

ऑफिसात माझ्या टेबलामागे महाराष्ट्रातून आणलेलं कॅलेंडर असायचं. गावाहून कोणी येणार असलं की मी लोणच्याच्या आधी कॅलेंडर मागवायची. शाळेचा शेवटचा दिवस शनिवार. सोमवारी शिक्षकांची आवराआवर. बुधवारी संध्याकाळच्या गाडीनं माथुर मॅडम भावाकडे देहरादूनला जाणार. उरला मंगळवार. लखनौमध्ये मंगळवार म्हटलं की जपून असावं लागतं, कारण जेठ महिन्यातल्या प्रत्येक मंगळवारी तिथं बडा मंगल असतो. हनुमानाचा दिवस. गल्लोगल्ली मांडव पडतात, येणाऱ्या-जाणाऱ्याला पुरी-भाजी, बुंदी आणि सरबत वाटतात, आणि शहर जागच्या जागी थांबतं. त्यातला पहिला मंगळवार सर्वांत मोठा. हे मला चांगलं माहीत होतं. म्हणून मी मोठ्या हुशारीनं कॅलेंडर पाहिलं. वैशाख वद्य प्रतिपदा-द्वितीया. ज्येष्ठ लागायला अजून दोन आठवडे. मी निर्धास्तपणे तारीख लिहिली.

आपला महिना अमावस्येनंतर सुरू होतो आणि तिकडचा पौर्णिमेनंतर. म्हणजे आपला वैशाख वद्य पक्ष हा त्यांचा जेठच असतो. हे मी आयुष्यभर ऐकलं होतं. त्यावरून छोटेलालशी वादही घातला होता. पण जुन्या वेळापत्रकात जेठ लागायच्या आधीच शाळा बंद झालेली असायची, त्यामुळे पंधरा दिवसांचा हा फरक ऑफिसात कधी कामाला आला नव्हता. मी टाइप केलेल्या कागदावर मॅडमनी सही केली, त्यावर नुसती तारीख होती, वार नव्हता. आणि ज्याला वार आधी दिसला असता तो छोटेलाल भाचीच्या लग्नासाठी आठवडाभर उन्नावला गेला होता. बाहेरगावच्या बाकी चार मुलांच्या घरी पत्रं गेली. जगदाळ्यांना मी तोंडीच सांगितलं, "मंगळवारी या. अगदी निवांत दिवस आहे."

त्या मंगळवारी सकाळी आठ वाजता मी घराबाहेर पडले आणि कोपऱ्यावरच एका मुलानं माझ्या हातात पुरी-भाजीचा द्रोण ठेवला. मी म्हटलं, कोणाचा तरी नवस असेल. दुसऱ्या कोपऱ्यावर सरबत मिळालं. तिसऱ्या कोपऱ्यावर लाउडस्पीकरवर हनुमान चालीसा ऐकू आली आणि मी जवळजवळ धावतच सुटले.

शाळेच्या फाटकासमोर भला मोठा मांडव होता. कढई उकळत होती. आणि मांडवात म्हाताऱ्याकोताऱ्यांना बसायला आमच्याच शाळेचे बाक लावलेले होते. छोटेलाल आदल्या दिवशी उन्नावहून परतला होता.

"छोटेलाल, ये बेंच?"

"दीदी, छुट्टी हो गई थी न," तो पुरी लाटता लाटता म्हणाला. "तो हमने सोचा, बेंच का भी कुछ पुण्य हो जाए."

"आज एडमिशन का टेस्ट है!"

त्याचं लाटणं थांबलं. "आज? बड़े मंगल को? ये किसने रख दिया?"

मी आत जाऊन माथुर मॅडमना फोन लावला. त्या इंदिरा नगरला राहायच्या, म्हणजे शहराच्या दुसऱ्या टोकाला. त्यांच्या मागेही लाउडस्पीकरच ऐकू येत होता.

"बाबू दीदी, हमारे यहाँ बूँदी बन रही है, आज आना तो नामुमकिन है," त्या म्हणाल्या. "और कल शाम मेरी गाड़ी है. आज शाम तक कॉपियाँ जँचकर मेरे पास आ गईं तो मैं दस्तख़त कर दूँगी. नहीं तो बच्चे जुलाई में नीचे की क्लास में बैठेंगे. मैं नियम रोज़-रोज़ नहीं बदल सकती."

फोन ठेवला तेव्हा मला अगदी रडू आलं. पाच मुलं. त्यांचं वर्ष माझ्या भिंतीवरच्या कॅलेंडरनं खाल्लं असतं. आणि इतकी वर्षं दुसऱ्यांच्या कागदांत चुका काढणारी ती मीच.

डोळे पुसून बाहेर आले तर मांडवात सरबताच्या पिंपामागे आमचे गणिताचे सिद्दीकी सर उभे. बाह्या दुमडलेल्या, हातात ओगराळं. दर वर्षी बडा मंगलला त्या मोहल्ल्याचं सरबत सिद्दीकी सरांकडे असायचं, त्यांच्या वडिलांपासून. केवड्याचं प्रमाण त्यांच्याशिवाय कोणाला जमत नसे.

मी त्यांना सगळं सांगितलं. ते शांतपणे ऐकत एकेक पेला भरत राहिले.

"बाबू दीदी, आज तो पूरे शहर का इम्तिहान है कि कौन कितनी पूड़ियाँ खा सकता है," ते म्हणाले. "पाँच बच्चे और सही. परचे हैं आपके पास?"

परचे, म्हणजे प्रश्नपत्रिका, माझ्या कपाटात होत्या.

"बस फिर. छोटेलाल, पाँच बेंच वापस अंदर. बुज़ुर्गों से कहिए ज़रा सटकर बैठें."

दहा वाजता दोन मुलं आली. साडेदहाला एक, बापाच्या खांद्यावरून. अकराला चौथं. अश्विनीचा पत्ता नाही. मुंबईहून येणारी त्यांची गाडी सकाळीच चारबागला लागायची होती, आणि चारबाग ते आमची शाळा म्हणजे एरवी अर्ध्या तासाचा रस्ता. मी फाटकात उभी राहून आलमबागेकडे डोळे लावून होते. सिद्दीकी सर म्हणाले, साडेअकरापर्यंत थांबू, त्यापुढे ही चार मुलं कंटाळतील. साडेअकरा झाले. ते म्हणाले, चला, अजून दहा मिनिटं.

बारा वाजायला आले तेव्हा रस्त्याच्या वळणावर हवालदार जगदाळे दिसले. डोक्यावर ट्रंक. मागे त्यांची बायको, दोन्ही हातांत पिशव्या. आणि मध्ये दोन वेण्यांची, उन्हानं लाल झालेली एक मुलगी, हातात पुरीचा द्रोण घेऊन.

"मॅडम, टेम्पो सोडून दिला," जगदाळे धापा टाकत म्हणाले. "चार ठिकाणी अडवलं. नको म्हणायची सोयच नाही. एक म्हातारबाबा तर म्हणाले, फौजी होके भाग रहे हो?"

"ताई, पोरीचं वर्ष गेलं का हो?" जगदाळे वहिनींनी पिशव्या खाली न ठेवताच विचारलं.

"नाही गेलं. आधी हात धुवा तिचे."

मुलीला बाकावर बसवलं. सवयीनं मी तिचा दाखला मागितला. प्लॅस्टिकच्या पिशवीत जपून आणला होता. शाळेचा शिक्का, मुख्याध्यापकांची सही, सगळं ठीक. एकच सही नव्हती. दुसऱ्या राज्यातला दाखला असला की त्यावर तिकडच्या शिक्षणाधिकाऱ्याची उलट सही, म्हणजे प्रतिस्वाक्षरी, लागते. ही गोष्ट कोणालाच ठाऊक नसते. अशा वेळी मी नाव कच्चं चढवून घ्यायची आणि कागद टपालानं पाठवून सही मागवायची. वहिनींचा चेहरा पाहून मी म्हटलं, "ते नंतर बघू."

गणित, इंग्रजी आणि हिंदी. बाहेर लाउडस्पीकर, आत पाच माना खाली. सिद्दीकी सर एका हातानं पर्यवेक्षण आणि खिडकीतून दुसऱ्या हातानं साखरेच्या सूचना करत होते. हिंदीत निबंध होता, 'मेरी गर्मी की छुट्टियाँ'. अश्विनीनं हात वर केला.

"काकू, झालेली सुट्टी लिहायची का व्हायची असलेली?"

"तुला वाटेल ती लिही," मी म्हटलं.

दोन वाजता सरांनी मांडवाच्या मागे, लिंबाच्या सावलीत बसून पेपर तपासले. अश्विनीचं गणित पाहून त्यांनी दोनदा "माशाअल्लाह" म्हटलं. इंग्रजी बेताचं. मग हिंदीची वही उघडून निबंध शेवटपर्यंत वाचला. वही माझ्याकडे दिली.

तिची हिंदी तोडकीमोडकी होती, अर्धी मराठीच. त्यात असं होतं, की परीक्षा संपली तेव्हा सामान बांधायला लागले. मग गाडीत बसले. इथे आले तर अभ्यास सुरू होऊन गेला आहे. 'मेरी छुट्टी रेलगाड़ी में ख़त्म हुई. इस साल मुझे आत्या के गाँव जाकर कुएँ में तैरना सीखना था. मेरा चचेरा भाई सीख गया. मैं नहीं सीखी. अब आठवी मिली तो भी अच्छा है, मगर तैरना रह गया.'

"क्या ख़याल है?" सरांनी विचारलं.

"पास है न?"

"पास तो शान से है."

मग आम्ही सरांच्या स्कूटरवरून इंदिरा नगरला निघालो. पन्नाशीची बाई पिशवीत उत्तरपत्रिका घेऊन मागे बसलेली. दर चौकात स्कूटर थांबायची, सरबत प्यावं लागायचं, आणि सर प्रत्येक ठिकाणी चव घेऊन "केवड़ा कम है" असा निकाल द्यायचे. पोचायला पावणेदोन तास लागले.

माथुर मॅडम कॉलनीच्या मांडवात पदर खोचून बुंदी वाटत होत्या. हात धुऊन त्यांनी पाचही मुलांचे पेपर पाहिले. चौघांच्या पेपरांवर सही केली. अश्विनीचा पेपर सर्वांत शेवटी, सावकाश वाचला. मग त्यावरही सही केली. मी पेपर गोळा करायला लागले.

"लेकिन इन बच्चों की डेढ़ महीने की पढ़ाई छूटी है," त्या म्हणाल्या. "कल से रोज़ सुबह आठ बजे स्कूल आएँगे, बक़ाया कोर्स पूरा करेंगे. और छुट्टियों का गृहकार्य भी. जिसका नाम हाज़िरी में है, वह करेगा."

जिचं नाव हजेरीत आहे, ती करील. हे वाक्य माझ्या कानात घुसलं. सह्यांच्या ज्या नियमांवर मी इतकी वर्षं पालकांना पिटाळून लावलं, त्यातलाच एक अगदी तयार होऊन जिभेवर आला.

"मैडम, एक अड़चन है. जगदाले के टी.सी. पर वहाँ के शिक्षाधिकारी के दस्तख़त नहीं हैं. नियम से, दस्तख़त आए बिना नाम हाज़िरी में नहीं चढ़ सकता. सीट आज पक्की, नाम जुलाई में."

मॅडमनी चष्मा खाली करून माझ्याकडे पाहिलं. "आप तो हमेशा डाक से मँगवा लेती थीं."

"इस बार डाक का भरोसा नहीं लगता. लड़की को लेकर ख़ुद जाना पड़ेगा. सातारा दूर है. आने-जाने में छह हफ़्ते तो लगेंगे."

हे मी अगदी सरळ तोंडानं सांगितलं. मॅडम सिद्दीकी सरांकडे वळल्या. सर म्हणाले, "क़ायदा तो क़ायदा है, मैडम. और बाबू दीदी क़ायदे की कितनी पक्की हैं, यह कौन नहीं जानता?"

मॅडमनी निबंधाचं पान पुन्हा एकदा उलटून पाहिलं. "अच्छा," त्या म्हणाल्या, "क़ायदा है तो है. लीजिए, बूँदी खाइए."

दुसऱ्या दिवशी जगदाळ्यांना मी निर्णय सांगितला. आठवीत जागा पक्की, पण सहीसाठी परत जावं लागेल, मुलीसकट, आणि शाळा उघडेपर्यंत यायची घाई नाही. वहिनी खुर्चीत बसल्याच. "परत? ताई, अजून ट्रंकेचं कुलूपसुद्धा काढलं नाही!" हवालदारसाहेब मात्र फौजी माणूस. हुकमामागचा हेतू त्यांना माझ्या तोंडावर दिसला असावा. त्यांनी पोरीकडे पाहिलं आणि म्हणाले, "ट्रंक तशीच घेऊन जा मग. सोपंच झालं."  अश्विनीनं दाखला माझ्या हातातून घेतला आणि इतका जपून पिशवीत ठेवला, की जणू त्याच्यावर चुकून कोणी सही करील.

जुलैत शाळा उघडली. पहिल्या दिवशी मुलं गृहकार्याच्या फायली घेऊन रांगेत उभी. कव्हरं घातलेली, नावाच्या चिठ्ठ्या लावलेल्या. मुक्ताच्या फायलीची अकरा पानं मी रोज संध्याकाळी शेजारी बसून पुरी करून घेतली होती. आम्ही त्या वर्षी गावी गेलो नाही. ह्यांना रजा मेच्या पहिल्या पंधरवड्याची मंजूर झाली होती, जुन्या हिशोबानं, आणि मुक्ताची सुट्टी लागली तेव्हा ती संपली होती. तिनं सबंध सुट्टीभर क्वार्टरच्या गॅलरीत नकाशे रंगवले.

अश्विनी ऑफिसात आली. खांद्यापर्यंत काळी पडलेली, नाकाचं कातडं सोललेलं. दाखल्यावर शिक्षणाधिकाऱ्यांची सही होती. तीन आठवड्यांपूर्वीची.

"आलं का पोहायला?" मी विचारलं.

"आलं, काकू. आत्याच्या भावकीतल्या बाया बघायला आल्या होत्या काठावर." मग थोडं थांबून, "उडी अजून नाही मारता येत."

मी रजिस्टर उघडलं आणि तिचं नाव हजेरीत चढवलं. त्या दिवसापासून ती आठवी-ब, रोल नंबर बेचाळीस. माझ्या उभ्या नोकरीत मी नाव चढवायला केलेला तो एकमेव उशीर, आणि मला त्याची आजही लाज वाटत नाही.

संध्याकाळी मुक्ता घरी आली. बूट काढता काढता म्हणाली, "मम्मी, क्लास में एक नई लड़की आई है. उसके पास होमवर्क की फ़ाइल ही नहीं. मैम ने पूछा तो बोली, मैं तो किसी क्लास में थी ही नहीं, मेरे काग़ज़ पर एक साइन कम थी."

"हो," मी म्हटलं. "तसा नियम आहे."

तिनं मोजे काढून बुटांत कोंबले. मग माझ्याकडे न बघता तिनं विचारलं, "मम्मी, मेरे काग़ज़ में एक साइन कम नहीं हो सकती थी क्या?"

तिच्या कागदांत काहीच कमी नव्हतं. ते सगळे मीच वेळेवर पुरे केले होते.